वेस्ट्रॅक: कागदावर पास झालेले डांबरमिश्रण चाकाखाली का बसले?

1997 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात, वाळवंटातल्या एका चाचणी-रस्त्याचे काही तुकडे उखडून पुन्हा बांधले गेले. पहिल्या तुकड्यांवर ट्रकच्या चाकांनी चाकोऱ्या पाडल्या होत्या, काहींना जाळीदार तडे गेले होते. दुसऱ्या खेपेला खडीचे ग्रेडेशन, म्हणजे कोणत्या आकाराचे कण किती याचे प्रमाण, जवळपास तेच ठेवले, दगड मात्र बदलला. पहिला दगड नदीच्या गोट्यांपासून केलेला होता. त्याऐवजी खाणीतला अँडेसाइट हा ज्वालामुखीजन्य दगड आणला, सगळ्या बाजूंनी फुटलेला आणि चांगला कोनदार. रस्त्याच्या कामावर चार पावसाळे काढलेला कुणीही हाच उपाय सुचवेल. गोटा घरंगळतो, फोडलेली खडी एकमेकीत अडकते, हे आपल्या हाडीमाशी मुरलेले आहे.

नवे तुकडेही बसले, आणि काही तर फारच झपाट्याने बसले. दगड सुधारूनही रस्ता सुधारला नाही म्हटल्यावर अमेरिकेच्या केंद्रीय महामार्ग प्रशासनाने प्राध्यापक, डांबर उद्योगातले जाणकार आणि राज्यांच्या महामार्ग खात्यांतले अभियंते यांचे एक तपासपथक नेमले. या चाचणी-रस्त्याच्या प्रकल्पाचे नाव वेस्ट्रॅक. डांबरी मिश्रण टिकाऊ आहे की नाही हे कशावरून ठरवायचे, या प्रश्नावर मला माहीत असलेल्या प्रकरणांत हे सर्वांत बोलके आहे. मिश्रणाचे डिझाइन नियमात बसत होते, प्लांट नीट चालला होता आणि देखरेखीला माणसे कमी नव्हती. ठेकेदाराने डांबर चोरले वगैरे सोपी उत्तरे इथे लागू होत नाहीत.

पार्श्वभूमी: सुपरपेव्ह आणि न चढलेली पायरी

1987 मध्ये अमेरिकेने महामार्गांसाठी पाच वर्षांचा एक मोठा संशोधन कार्यक्रम हाती घेतला. एकूण खर्च 15 कोटी डॉलर, त्यातले 5 कोटी एकट्या डांबरावर. त्यातून सुपरपेव्ह ही मिश्रण ठरवायची नवी पद्धत निघाली. त्याआधी बहुतेक राज्ये मार्शल पद्धत वापरत. मिसिसिपीच्या महामार्ग खात्यातल्या ब्रूस मार्शल यांनी ती सुचवली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्कराच्या अभियंत्यांनी विमानतळांच्या धावपट्ट्यांसाठी ती वाढवली. साच्यात गरम मिश्रण भरायचे, वरून हातोडा आपटायचा, आणि तयार झालेली वडी 60 अंशांना दाबून मोडायची. आपल्याकडे ती अजूनही रोजच्या वापरात आहे.

सुपरपेव्हने हातोडा काढून फिरता दाबयंत्र आणले. नमुना किंचित तिरपा धरून, 600 किलोपास्कल दाबाखाली घुसळत दाबायचा, म्हणजे रोलरखाली खडी जशी सरकून बसते तशी प्रयोगशाळेत बसेल. डांबराची प्रत हवामानाशी जोडली. पीजी 64-22 म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वांत तापत्या सात दिवसांचे रस्त्याचे सरासरी कमाल तापमान 64 अंशांपर्यंत आणि हिवाळ्यातले किमान उणे 22 पर्यंत असेल, तर चालणारे डांबर. हे दोन्ही बदल खरोखरच चांगले होते, आणि पुढच्या सगळ्या टीकेत ते टिकून राहिले.

मूळ आराखड्यात तीन पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीवर आकारमानाचा हिशेब, म्हणजे हवेची पोकळी 4 टक्के, खडीमधली एकूण जागा अमुक, तिच्यात डांबर तमुक. दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीवर खऱ्या परीक्षा होत्या. नमुना कातरून, ताणून पाहायचा आणि त्यावरून रस्ता किती वर्षांत किती बसेल याचे भाकीत करायचे. त्यासाठी लागणारी यंत्रे अतिशय महाग निघाली, भाकितामागच्या गणितात दोष सापडले, आणि या दोन पायऱ्या व्यवहारात कुणी चढलेच नाही. नव्वदच्या दशकात राज्यामागून राज्य सुपरपेव्हकडे वळले ते फक्त पहिल्या पायरीवर. पाण्याने डांबर सुटते का, ही एक चाचणी सोडली तर मिश्रणाच्या ताकदीची परीक्षाच राहिली नव्हती. मार्शलच्या वडीला निदान मोडून तरी पाहत. तो आकडा चाकोरीचे भाकीत चांगले करत नाही हे खरे, पण सुपरपेव्हने तोही काढला आणि जागा रिकामी ठेवली.

आणखी एका गोष्टीने हातभार लावला. खडीच्या ग्रेडेशनच्या आलेखावर, 2.36 मिलिमीटर ते 0.3 मिलिमीटर चाळण्यांच्या दरम्यान, एक वर्ज्य पट्टा आखलेला होता. ग्रेडेशनची रेषा त्यातून जाऊ नये, शक्यतो त्याच्या खालून जावी, असा सल्ला होता. खालून म्हणजे जाड खडी जास्त, वाळू कमी. यामागे एक साधी समजूत होती की खडीला खडी टेकली की सांगाडा मजबूत होतो. म्हणून अनेक राज्यांनी जाड ग्रेडेशन हेच सुपरपेव्ह असे धरून चालायला सुरुवात केली.

ट्रॅक: मुद्दाम केलेल्या चुका

वेस्ट्रॅक रेनो शहरापासून सुमारे 100 किलोमीटरवर, वाहनांच्या चाचण्या घेणाऱ्या एका केंद्राच्या आवारात ऑक्टोबर 1995 पर्यंत बांधून झाला. 2.9 किलोमीटरचा लांबट गोल रस्ता, त्याच्या दोन सरळ बाजू प्रत्येकी 910 मीटरच्या, आणि प्रत्येक बाजूवर 70 मीटरचे 13 तुकडे. एकूण 26. वर 150 मिलिमीटर डांबरी थर. डांबर सगळीकडे पीजी 64-22. पाऊस जवळजवळ नाहीच, म्हणून ही जागा निवडली होती. पाण्याचा परिणाम वगळून चाक, ऊन आणि मिश्रण यांचाच हिशेब पाहायचा होता.

या ट्रॅकची आखणी मला अतिशय हुशारीची वाटते. चाचणी-रस्ता बांधायचा तर साधारणपणे प्रत्येक तुकडा जास्तीत जास्त काटेकोर बांधतात. इथे उलट केले. प्रत्यक्ष कामावर ज्या तीन गोष्टी हमखास इकडे-तिकडे होतात, त्या मोजूनमापून बिघडवल्या. ग्रेडेशन तीन प्रकारचे घेतले: बारीक, बारीकच पण वरून धूळ वाढवलेले, आणि जाड. डांबर तीन प्रमाणांत: डिझाइनमधून आलेले, त्यापेक्षा 0.7 टक्के कमी, आणि 0.7 टक्के जास्त. रोलिंगनंतर उरणारी हवेची पोकळी तीन पातळ्यांवर: 4, 8 आणि 12 टक्के. या सगळ्या जोड्यांतल्या काही निरर्थक होत्या त्या वगळल्या, काही मुद्दाम दोनदा बांधल्या. उद्देश असा की अमुक चूक झाली तर रस्त्याचे आयुष्य अमुक इतके घटते, हे आकड्यांत मांडता यावे आणि ठेकेदाराच्या बिलातली कपात त्या आकड्यावर आधारावी. आपल्याकडे बिल कापण्यावरून साइटवर होणारे वाद ज्यांनी ऐकले आहेत त्यांना या कल्पनेची किंमत कळेल.

मार्च 1996 मध्ये वाहतूक सुरू झाली. तीन-तीन ट्रेलर जोडलेले चार ट्रक, ताशी 64 किलोमीटर वेगाने, चालकाशिवाय. रस्त्यात पुरलेल्या तारेच्या आधाराने ते आपला मार्ग धरत. आज स्वयंचलित गाड्यांचे कौतुक करणाऱ्यांना हे ऐकून गंमत वाटेल, पण कारण साधे होते: इतक्या फेऱ्या मारायला माणूस बसवणे म्हणजे त्याच्यावर अन्याय. फेब्रुवारी 1999 मध्ये वाहतूक थांबली तेव्हा 80 किलोन्यूटनच्या प्रमाण आसाच्या हिशेबात सुमारे 50 लाख फेऱ्या झाल्या होत्या. 80 किलोन्यूटन म्हणजे आपल्या नियमपुस्तकांतला 8.16 टनांचा आस.

काय घडले

पहिला निकाल अपेक्षित होता. डांबर जास्त घातलेले तुकडे, विशेषतः चांगले रोल होऊन पोकळी कमी उरलेले, पहिल्या उन्हाळ्याच्या आसपासच बसायला लागले. डांबर कमी आणि पोकळी जास्त असलेल्या तुकड्यांना तडे गेले. इथवर कुणाला धक्का बसला नाही.

धक्का बसला तो ग्रेडेशनच्या निकालाने. ज्या जाड ग्रेडेशनवर सगळ्यांचा भरवसा होता, तेच चाकोरीतही मागे पडले आणि तड्यांतही. साधारणपणे या दोन दोषांचे विळ्याभोपळ्याचे नाते असते. डांबर वाढवले की तडे कमी आणि चाकोरी जास्त, घटवले की उलट. इथे एकच मिश्रण दोन्ही बाजूंनी हरले. बारीक ग्रेडेशनचे तुकडे, ज्यांना अनेकजण जुन्या पद्धतीचे म्हणून नाक मुरडत होते, त्यांनी त्याच डांबरावर, त्याच ट्रकखाली, तेच ऊन सोसून जास्त काळ काढला. आणि मग 1997 चा अँडेसाइटचा दुसरा प्रयत्न, ज्याने शेवटचे सोपे उत्तरही हिरावून घेतले.

तपास: जागा, धूळ आणि डांबर

तपासाचे मर्म कळायला आकारमानाचा थोडा हिशेब करावा लागतो. दाबलेल्या मिश्रणाचे 100 घन सेंटिमीटर घेतले, तर त्यातली साधारण 85 खडीची असतात. उरलेल्या जागेला व्हीएमए म्हणतात. खडीच्या कणांमधली ही एकूण मोकळी जागा, जिच्यात डांबर आणि हवा राहतात. 19 मिलिमीटर खडीच्या मिश्रणात ती किमान 13 टक्के असावी असा सुपरपेव्हचा नियम. किमान मर्यादा यासाठी की जागाच कमी असेल तर डांबर मावणार नाही, खडीवरचा लेप पातळ राहील आणि रस्ता लवकर वठेल. कमाल मर्यादा मात्र नव्हती. जागा जास्त झाल्याने काय बिघडणार, असा विचार असावा.

आता कोनदार खडी घ्या आणि वाळू कमी करा. कण एकमेकांत अडकतात खरे, पण त्यामुळे नीट बसतही नाहीत. जागा वाढते. डिझाइनचा नियम सांगतो की हवा 4 टक्केच राहिली पाहिजे, म्हणून उरलेली सगळी जागा डांबराने भरायची. म्हणजे नियम पाळतच डांबराचे प्रमाण चढते. त्यात जाड मिश्रणात बारीक कण कमी, म्हणून डांबर माखायला लागणारे एकूण पृष्ठफळही कमी. जास्त डांबर थोड्या पृष्ठावर पसरते, लेप जाड होतो. दगड सुधारल्यावर रस्ता का सुधारला नाही, याचे बरेचसे उत्तर इथे आहे. जास्त कोनदार दगडाने जागा वाढवली आणि नियमाने ती डांबराने भरून घेतली.

दुसरी बाजू धुळीची. 75 मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली भुकटी डांबरात मिसळते आणि दोन्ही मिळून जो घट्ट लगदा होतो, तोच खडीला खऱ्या अर्थाने धरून ठेवतो. नुसते डांबर 60 अंशांना पातळ होते, भुकटीने ते घट्ट राहते. घरच्या बेसनाच्या लाडवाइतकेच हे उघड आहे: तुपाच्या मानाने पीठ कमी पडले की वळलेला लाडू ताटात बसतो, बेदाणे कितीही चांगले असोत. सुपरपेव्हमध्ये भुकटी आणि डांबराचे गुणोत्तर 0.6 ते 1.2 चालत असे. जाड मिश्रण या मर्यादेत राहूनही लगद्याच्या बाबतीत दुबळे असू शकत होते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती प्लांटवर रोज घडते. डांबर 0.7 टक्क्याने वाढले, म्हणजे वजनाने. मिश्रणाची घनता 2.35 धरली आणि डांबराची 1.02, तर हे 0.7 टक्के वजन आकारमानात 1.6 टक्क्यांच्या आसपास जाते. 4 टक्के पोकळीच्या हिशेबाने केलेल्या मिश्रणात 1.6 टक्के जास्तीचे डांबर शिरले, की ट्रकच्या चाकांखाली दाबले गेल्यावर पोकळी 2.4 च्या घरात येते. रस्त्यातली पोकळी 3 टक्क्यांच्या खाली गेली की डांबराला सरकायला जागा उरत नाही. मग ते खडीला एकमेकींपासून उचलून धरते. भार खडीकडून खडीकडे जाण्याऐवजी डांबरावर येतो, आणि तापलेले डांबर भार पेलत नाही. चाकाखालचे मिश्रण बाजूला ढकलले जाते, मध्ये चर आणि दोन्ही कडांना उंचवटे. हा हिशेब बारीक मिश्रणालाही लागू आहे, आणि तिथेही जादा डांबराचे तुकडे बसले. पण बारीक मिश्रणात पृष्ठफळ जास्त, भुकटी जास्त, लगदा घट्ट. तेवढीच चूक झाली तरी त्याचा तोल लगेच जात नाही.

म्हणून वेस्ट्रॅकचा निकाल मी असा वाचतो: जाड मिश्रण वाईट नव्हते, नाजूक होते. सर्व काही बरोबर जमले तर ते चालले असते. पण हॉट मिक्स प्लांटवर खडीचा ओलावा बदलतो, एखादी चाळणी फाटते, बॅगहाउसमध्ये, म्हणजे प्लांटच्या धूळ गाळणाऱ्या यंत्रात, अडकलेली धूळ कधी मिश्रणात परत जाते कधी जात नाही, आणि डांबराचा पंप थोडा पुढेमागे होतो. टिकाऊपणाच्या चर्चेत आपण ताकद आणि आयुष्य यांविषयी बोलतो. एवढी-तेवढी चूक पोटात घालण्याची मिश्रणाची क्षमता किती, हे क्वचितच विचारतो. नेवाडात चुका मुद्दाम पेरल्या होत्या म्हणून हा गुण मोजता आला. सगळे तुकडे काटेकोर बांधले असते तर जाड ग्रेडेशन बहुधा सुखरूप सुटले असते, आणि दोष राज्याराज्यांच्या महामार्गांवर उघडा पडला असता.

शिफारशी, आणि एक पट्टा पुसला गेला

तपासपथकाने दिलेल्या शिफारशींत तीन लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. व्हीएमएला वरचीही मर्यादा हवी: किमानपेक्षा 2 टक्क्यांहून जास्त नको. जाड मिश्रणांत भुकटी आणि डांबराचे गुणोत्तर 0.8 ते 1.6 असावे. आणि जड वाहतुकीच्या रस्त्यांवर मिश्रण मंजूर करण्याआधी त्यावर प्रत्यक्ष चाक फिरवून चाकोरीची चाचणी घ्यावी. तिसरी शिफारस म्हणजे एका अर्थी न चढलेल्या पायऱ्यांची कबुलीच.

ग्रेडेशनच्या वर्ज्य पट्ट्याचे पुढे काय झाले, त्याचा आपल्याशीही संबंध आहे. या पट्ट्याची गरज आहे का, हे तपासण्याचे काम अलाबामातल्या राष्ट्रीय डांबर तंत्रज्ञान केंद्राकडे गेले. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचे एक लेखक होते प्रिथ्वीसिंग कंधाल. निष्कर्ष असा की बाकीचे निकष पाळले असतील तर पट्टा अनावश्यक आहे, आणि नंतर तो काढून टाकला गेला. कंधाल यांनी पुढे भारतातल्या डांबरी कामांच्या मानकांवर पुष्कळ लिहिले. आपल्या रस्त्यांत पाणी साठवून ठेवणारे सच्छिद्र थर कसे घातले जातात, हा त्यांचा कायमचा आक्षेप होता.

त्याच केंद्राचा 2.7 किलोमीटरचा चाचणी-ट्रॅक ओपेलायका इथे 2000 साली सुरू झाला. तिथल्या पहिल्याच फेरीत दिसले की चाकोरीच्या बाबतीत बारीक ग्रेडेशनची मिश्रणे जाड मिश्रणांच्या तोडीची आहेत. वेस्ट्रॅकच्या निकालाला हा स्वतंत्र दुजोरा होता, तोही वेगळा दगड आणि वेगळे हवामान असताना.

जाता जाता वेस्ट्रॅकचा एक आकडा सांगायला हवा, कारण तो फारसा कुणाला माहीत नसतो. खडबडीत झालेले तुकडे दुरुस्त केल्यावर त्याच ट्रकांचा इंधनखर्च सुमारे 4.5 टक्क्यांनी उतरला. चालक नव्हता, म्हणून चालवण्याच्या सवयीचा प्रश्नच नव्हता. रस्त्याच्या दुरुस्तीवर खर्च करायला नाखूश असणाऱ्यांसमोर ठेवायला याहून स्वच्छ पुरावा मिळणे कठीण.

चाकोरी गेली, तडे आले

चाकोरीची धास्ती इतकी बसली की पुढच्या दशकात बहुतेक राज्यांनी मिश्रणे कोरडी करायला सुरुवात केली. प्रयोगशाळेत फिरत्या दाबयंत्राच्या फेऱ्या जास्त, डांबर कमी, प्रत कडक. त्यातच उखडलेल्या जुन्या डांबराचा पुनर्वापर वाढला. ते डांबर वर्षानुवर्षे उन्हात वठलेले, म्हणून मिश्रण आणखी ताठ. चाकोऱ्या जवळजवळ नाहीशा झाल्या आणि रस्ते तड्यांनी जायला लागले. वेस्ट्रॅकच्या नोंदींत डांबर कमी आणि पोकळी जास्त असलेल्या तुकड्यांचे काय झाले ते लिहिलेले होतेच. लोकांनी त्या प्रयोगाचा अर्धाच निकाल वाचला असे म्हणायला हरकत नाही.

उपाय वेगवेगळे निघाले. काही राज्यांनी फेऱ्या कमी केल्या. विस्कॉन्सिनने डिझाइन 4 टक्के पोकळीवर करून मग 3 टक्क्यांना पोहोचेपर्यंत डांबर वाढवायचा मार्ग धरला. इंडियानाने वेगळीच शक्कल लढवली: प्रयोगशाळेत 5 टक्के पोकळीवर डिझाइन करायचे आणि रस्त्यावरही रोलरने 5 टक्क्यांपर्यंतच आणायचे. एरवी प्रयोगशाळेत 4 आणि रस्त्यावर 7-8 अशी तफावत ठेवून आपण ट्रककडून उरलेले रोलिंग करून घेतो. ती तफावतच काढून टाकायची ही कल्पना मला पटते, कारण पहिल्या दिवसापासून रस्त्यात हवा कमी शिरते आणि डांबर उशिरा वठते. 7 टक्क्यांच्या पुढे पोकळी 1 टक्क्याने वाढली की आयुष्य सुमारे 10 टक्क्यांनी घटते, असा ठोकताळा 1989 पासून अभियंत्यांमध्ये प्रचलित आहे.

सगळ्यांतून आज जी पद्धत रुळते आहे तिला संतुलित मिश्रण डिझाइन म्हणतात. अमेरिकेतल्या राज्य महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेने 2020 मध्ये तिची कार्यपद्धती छापली. आकारमानाचा हिशेब करायचाच, पण त्यानंतर एकाच मिश्रणाची दोन परीक्षांत कसोटी लावायची. पहिली चाकोरीची. हॅम्बर्ग यंत्रात 50 अंशांच्या गरम पाण्यात बुडवलेल्या नमुन्यावर लोखंडी चाक फिरवायचे, 20,000 फेऱ्यांपर्यंत, आणि खोली 12.5 मिलिमीटरच्या आत राहते का पाहायचे. दुसरी तड्यांची. 25 अंशांना नमुना फोडायचा आणि तडा पडल्यावर तो किती चिवटपणे पसरतो ते मोजायचे. डांबराच्या तीन-चार प्रमाणांवर दोन्ही परीक्षा घेतल्या की कागदावर एक पट्टी दिसते, जिच्यात मिश्रण दोन्हीकडे पास होते. ती पट्टी रुंद असेल तर प्लांटवरची चूक खपते. अरुंद असेल तर मिश्रण नाजूक आहे हे आधीच कळते. वेस्ट्रॅकवर सत्तर-सत्तर मीटर रस्ता बांधून जे शोधावे लागले, ते आता काही बादल्या मिश्रणावर दिसते.

पाण्याची बाजू

वाळवंटात पाणी नव्हते, त्यामुळे या प्रकरणातला एक धागा नेवाडात सापडणारच नव्हता. तो फ्लोरिडात सापडला. तिथे 1996 च्या सुमारास जाड ग्रेडेशनची सुपरपेव्ह मिश्रणे आंतरराज्य महामार्ग 75 वर टाकली गेली आणि पावसानंतर थरातून पाणी पाझरताना दिसले. राज्याच्या अभियंत्यांनी रस्त्यातून कोअर, म्हणजे दंडगोल नमुने, काढून त्यांतून पाणी किती झिरपते ते मोजले. बारीक मिश्रणात साधारण 8 टक्के पोकळीपर्यंत पाणी फारसे शिरत नाही, कारण पोकळ्या सुट्या-सुट्या असतात. जाड मिश्रणात पोकळ्या मोठ्या आणि एकमेकींना जोडलेल्या, म्हणून 6 टक्क्यांच्या पुढेच पाण्याला वाट मिळते. पोकळीचा आकडा एकच, पण ग्रेडेशन बदलले की त्याचा अर्थ बदलतो. फ्लोरिडाने जाड मिश्रणांसाठी घनतेची अट कडक केली.

हे आकडे आपल्या नियमपुस्तकाशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या 2013 च्या विनिर्देशांत डांबरी थराच्या घनतेची किमान अट सैद्धांतिक कमाल घनतेच्या 92 टक्के आहे, म्हणजे 8 टक्के पोकळी चालते. बिटुमिनस काँक्रीटच्या, म्हणजे सर्वांत वरच्या डांबरी थराच्या मिश्रणाच्या, पहिल्या ग्रेडमध्ये खडी 19 मिलिमीटरची आणि थर 50 मिलिमीटरचा. भागाकार 2.6. अमेरिकेतल्या 2004 च्या अभ्यासाची शिफारस अशी की थराची जाडी बारीक ग्रेडेशनसाठी खडीच्या निदान 3 पट आणि जाड ग्रेडेशनसाठी 4 पट हवी, नाही तर रोलर कितीही फिरवला तरी खडी बसत नाही, फुटते. दुसऱ्या ग्रेडमध्ये 13.2 मिलिमीटरची खडी 40 मिलिमीटरच्या थरात टाकली तर भागाकार 3 येतो, 30 च्या थरात टाकली तर 2.3. शिवाय ग्रेडेशनच्या दिलेल्या मर्यादा रुंद आहेत. त्यांच्या जाड कडेजवळून जाणारी रेषा आणि बारीक कडेजवळून जाणारी रेषा, दोन्ही कागदावर सारख्याच पास होतात.

कोकणात किंवा घाटमाथ्यावर काम असेल, तर मी जॉब मिक्सची, म्हणजे त्या कामासाठी ठरवलेल्या मिश्रणाची, फाइल हातात आल्यावर सर्वांत आधी मार्शल स्टॅबिलिटीचा, म्हणजे वडी किती भाराला मोडते तो, आकडा पाहणार नाही. तो 9 किलोन्यूटनच्या वर असतोच. 2.36 मिलिमीटरच्या चाळणीतून किती टक्के माल जातो ते पाहीन, भुकटी आणि डांबराचे गुणोत्तर काढीन, थराची जाडी खडीने भागून पाहीन. मग डिझाइनच्या प्रमाणाबरोबरच 0.3 टक्के कमी आणि 0.3 टक्के जास्त डांबराच्या नमुन्यांचेही निकाल मागेन, कारण प्लांटला तेवढी सूट विनिर्देशच देतात. रेषा जाड बाजूला झुकलेली असेल, तर 92 टक्के घनतेवर समाधान न मानता 94 ची अट निविदेतच लिहून घेईन, आणि कोअर चाकांच्या वाटेवरून काढायला लावीन तसे दोन पट्ट्यांच्या सांध्यावरूनही.